चार बैल आणि दोन सभागृहं

दौंडच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. शिकवलं कसलं, फळ्यावर तीन रकाने आखायचे: केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची. मी लिहायचं, पोरांनी उतरवून घ्यायचं. समवर्ती सूचीतला सतरावा विषय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध. तो मी दरवर्षी गाळायचो. परीक्षेत कधी आलाच नाही.

आला तो थेट आमच्या गोठ्यात. शनिवारी शाळा सुटली की एसटीने चौफुला, पारगावचा पूल, न्हावरे करत शिरूर गाठायचं आणि तिथून कवठे येमाईच्या बाजूला आमचं गाव. आमचे चुलते, आण्णा, गाडामालक. आमच्याकडे शर्यत होते ती घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर. एका वेळी एकच गाडा सुटतो. चार बैल, पुढे घोडी आणि लढत घड्याळाशी. बारी काही सेकंदांत संपते, त्यावरची भांडणं मात्र पुढच्या यात्रेपर्यंत चालतात. आण्णांचं घड्याळ फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखाली असायचं.

११ जुलै २०११ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची अधिसूचना निघाली. खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंहांच्या यादीत बैल जाऊन बसला. आण्णा म्हणाले, “वाघाच्या पंगतीला बसवला व्हय रं माझा खोंड?” पुढे ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा दोन्हींवर बंदी आणली. प्राणिमित्रांना सरसकट शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. बैलाची शेपटी चावताना, टोचणी मारताना मी माणसं पाहिली आहेत. आण्णांच्या घाटातही पाहिली आहेत.

गावात सगळे म्हणायचे, आपला आमदार काय करतो? शिरूरचा काय नि दौंडचा काय, आमदार एकटा काय करणार? प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा १९६०चा, आणि तो संसदेचा. समवर्ती विषयात राज्याने वेगळा कायदा केला आणि तो केंद्राच्या कायद्याला आडवा गेला, तर राज्याचा तेवढा भाग पडतो. यातून सुटायची वाट एकच: राज्यघटनेचं कलम २५४, खंड दोन. विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायचं, त्यांची संमती मिळाली तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. हे मी आण्णांना शेणाने सारवलेल्या ओट्यावर खडूने आखून दाखवलं. एकतीस वर्षांत इतकं लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

जानेवारी २०१७मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी माणसं बसली आणि तमिळनाडूने कायदा बदलला. एप्रिलमध्ये आपल्याकडे विधेयक आलं. २८८ जणांच्या विधानसभेत विरोधाचा सूर नाही, ७८ जणांच्या परिषदेतही ते पार पडलं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शर्यत नाही आणि बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद झाली. जुलैत राष्ट्रपतींची संमती आली. आण्णांनी घड्याळ बाहेर काढून चावी दिली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती अडवल्या. “राष्ट्रपतीची सही झाल्यावर आणिक कोण ऱ्हायलं?” आण्णांनी विचारलं. न्यायपालिकेचा धडा माझ्या पुस्तकात चार पानं पुढे होता.

आण्णांचा नातू तेव्हा अमेरिकेत होता. फोनवर म्हणाला, तिथे बरं असतं. मी म्हटलं, बाबा रे, तिथे ही वाटच नाही. संघराज्याचा कायदा आडवा आला की राज्याचा पडतो आणि राष्ट्राध्यक्षाच्या सहीनेही उभा राहत नाही. काँग्रेसनेच आपला कायदा बदलायचा, म्हणजे प्रतिनिधिगृहाचे ४३५ आणि सिनेटचे १०० यांची दोन्ही सभागृहं एका मजकुरावर आली पाहिजेत. एक गोष्ट मात्र त्यांची चांगली: राष्ट्राध्यक्षाला रविवार सोडून दहा दिवसांत काय ते ठरवावं लागतं. आपल्या राष्ट्रपतींना २५४खाली अशी मुदत घटनेत लिहिलेली नाही.

१६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे बदल वैध ठरवले.

२०११ साली ज्याच्या नाकात वेसण घातली तो आण्णांचा खोंड बंदीतच म्हातारा झाला. एकदाही घाटात सुटला नाही. २०२२च्या चैत्रात यात्रेचा भोंगा वाजला तेव्हा तो दावणीला उभा राहिला आणि कान टवकारून ऐकत राहिला. आण्णा पशुवैद्यकाचा दाखला घ्यायला गेले होते, दुसऱ्या बैलांचा.