सावित्रीतली नाव आणि तिचा हंगाम

महाड म्हटले की चवदार तळे, रायगडाची वाट आणि मुंबई-गोवा महामार्ग आठवतो. बंदर सहसा आठवत नाही. पण सावित्री आणि गांधारी यांच्या संगमावर, समुद्रापासून पन्नासेक किलोमीटर आत वसलेले हे गाव मोठे झाले ते भरतीच्या पाण्यावर. जुन्या महाबळेश्वरात उगम पावलेली सावित्री पोलादपूरशी घाटाचा उतार संपवते आणि महाडला येता येता तिला खाडीचे पाणी भेटते. त्यामुळे पोलादपूर हे बैलांच्या तांड्यांचे ठाणे झाले आणि महाड नावांचे. देशावरून उतरलेला माल इथे नावेत चढे. मीठ, सुकी मासळी आणि नारळ इथून घाट चढत. या जलवाटेच्या मुखावरचे बाणकोट १७५६च्या तहाने इंग्रजांकडे गेले. १८०२च्या अखेरीस होळकरांच्या धास्तीने पुणे सोडलेला दुसरा बाजीरावही महाडमार्गेच किनारा गाठून वसईला पोहोचला. हे बंदर का संपले, याचे उत्तर ठरलेले आहे: खाडी गाळाने भरली आणि रस्त्याने माल ओढून नेला. व्यापारापुरते ते खरे आहे. पण बंदराबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे नावेच्या देखभालीचे वेळापत्रक. आज पुरांमुळे महाडला नावेची गरज पुन्हा पडू लागली आहे, आणि नेमके ते वेळापत्रकच हाताशी नाही.

जुन्या नावेची देखभाल हा कुणाच्या शिस्तीचा किंवा हौशीचा प्रश्न नव्हता. पाणी आणि पाऊस ती करून घेत. मोठी गलबते खालीच थांबत, लहान पडाव-मचवे खाडीतल्या दासगाववरून भरतीबरोबर महाडपर्यंत चढत. उधाणाला पाणी पुरे, भांगाच्या दिवसांत तळ घासण्याची भीती. ओहोटीत नाव चिखलावर बसली की एरवी पाण्याखाली असणारा तिचा भाग आपोआप उघडा पडे: तळाचा कणा, सुकाणू, फळ्यांचे सांधे. सांध्यांत कापूस किंवा काथ्या ठोकायचा, वर राळ आणि तेल, तळाला चुन्याचा लेप. कारण खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा शिंपल्याच्या जातीचा किडा असतो आणि तो आत शिरला की फळी बाहेरून धड दिसते पण आतून चाळण होते. गोड्या पाण्यात हा किडा जगत नाही. म्हणजे महाडच्या बाजूचे गोडे पाणी नावेला तारक आणि बाणकोटच्या बाजूचे खारे पाणी मारक होते. ज्येष्ठात पाऊस लागला की नाव वर ओढून शाकारून ठेवायची, ती नारळी पौर्णिमेपर्यंत. वर्षातले हे दोन-अडीच महिने नाव कोरडी असे आणि दुरुस्ती त्याच्या आगेमागे उरकली जाई. किनाऱ्यावर हा नेम अजून टिकून आहे; १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांनी त्याला कायद्याचीही जोड दिली आहे.

यंत्र आले तेव्हा नावेचा नाजूक भाग बदलला, पण त्याची जागा बदलली नाही. तो पाण्याखालीच राहिला. १९५९मध्ये व्होल्वो पेंटाने बाजारात आणलेला स्टर्नड्राइव्ह हा त्याचा चांगला नमुना. यात इंजिन नावेच्या आत असते, पण त्याची शक्ती मागच्या फळीला पाडलेल्या भोकातून बाहेर जाते, दोनदा काटकोनात वळते आणि खालच्या पंख्याला फिरवते. तळ लागेल असे वाटले तर बाहेरचा हा पाय वर उचलता येतो. भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून तिथे रबरी भाता बसवलेला असतो. तो भाता तडकला की आधी सांध्याचे बेअरिंग जाते आणि दुर्लक्ष केले तर नावच बुडते. पायातले गिअर ऑइल दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी शिरले आहे, हे ओळखायचे. अॅल्युमिनियमचा पाय खाऱ्या पाण्यात गंजू नये म्हणून त्यावर आधी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा लावतात: खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचा, निमखाऱ्यासाठी अॅल्युमिनियमचा, गोड्यासाठी मॅग्नेशियमचा. सावित्रीच्या खाडीत भरतीला एक पाणी आणि पावसाळ्यात दुसरेच; तेव्हा कोणता तुकडा लावायचा हेही जुन्या तांडेलाप्रमाणे पाणी ओळखूनच ठरवावे लागते. पुरात वापरल्या जाणाऱ्या रबरी बोटींना बहुधा आउटबोर्ड इंजिन असते. पण त्याचाही खालचा पाय असाच, त्यातले तेल तसेच, पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी पातीही तशीच. ही पाती चालून झिजतातच, पण नुसती पडून राहिल्यानेही बिघडतात.

इथेच जुने गणित उलटते. व्यापारी नाव बहुतेक वर्ष चालायची आणि पावसाळ्यात विसावायची. महाडला आता लागणारी नाव बाकीचे वर्ष पडून असते आणि पावसाळ्यातच चालते. जुलै २००५मध्ये महाडजवळच्या दासगाव-जुई या गावांकडे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा जुना कमानी पूल वाहून गेला आणि पुढचे कित्येक दिवस बोटी घेऊन खाडीपर्यंत शोध चालला. जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ते पाणी पोलादपूरवरून महाडच्या बाजारपेठेत शिरले. ज्या वेळी नावा वर ओढायच्या, तीच वेळ आता नाव पाण्यात ढकलायची झाली आहे. म्हणून दुरुस्तीचा हंगाम वैशाखात आणायला हवा, आणि तो आपोआप येणार नाही. पडून असलेल्या यंत्राला ओहोटी उघडे पाडत नाही.

यावर कोणी म्हणेल, नाव बिघडली तर मुंबईहून कारागीर येईल, महामार्ग आहेच. पण पुराच्या दिवशी आधी तुटतो तो रस्ताच. २०२१मध्ये बचाव पथकांनाही महाड आणि दरडीखाली गेलेले तळिये गाव गाठायला पाणी आणि दरडींमुळे उशीर झाला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरा उपाय नदीतला गाळ काढणे हा आहे, नावांची निगा नव्हे. गाळ काढायलाच हवा. पण एका दिवसात पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस घाटमाथ्यावर पडल्यावर कितीही खोल पात्र काठोकाठ भरणार; आणि गाळाचीही निगा ठेवावी लागते, एकदा काढून चालत नाही. तिसरा आक्षेप असा की राळ-काथ्याच्या विद्येचा गिअर ऑइलशी काय संबंध? साहित्याचा काहीच नाही. संबंध आहे तो सवयीचा: पाण्याखालचा भाग आधी बघायचा, खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्याने धुवायचा, आणि गरज पडण्याआधी नाव एकदा पाण्यात घालून पाहायची. महाडच्या बंदराने ही सवय कधी लिहून ठेवली नाही, कारण चिखलावर बसलेली नाव ती रोज शिकवत होती. आता ती लिहून ठेवावी लागेल, आणि पहिला पाऊस पडायच्या आत नाव सावित्रीत उतरवून तपासावी लागेल.