वही एक, लिहिणारे शंभर: फाइलसिस्टिममधल्या रांगेचा इतिहास

आज जरा कॉम्प्युटरच्या पोटात शिरूया.

तुम्ही एखादी फाइल बनवता किंवा डिलीट करता, तेव्हा बऱ्याच फाइलसिस्टिम आधी एका वहीत नोंद करतात की आपण हे हे बदलणार आहोत. मधेच वीज गेली तर वही वाचून घडी परत बसवता येते. या वहीला लॉग म्हणतात, किंवा जर्नल.

गोची अशी, की वही एक आणि लिहिणारे अनेक. दोघांनी एकाच ओळीवर लिहू नये म्हणून तिला लॉक असतं. लॉक ज्याच्या हातात, तो लिहिणार, बाकीचे ताटकळणार. एका प्रोसेसरच्या जमान्यात हे खपून गेलं. पण कोअर वाढले तसे ते कामापेक्षा रांगेतच जास्त उभे राहायला लागले. यालाच लॉक कंटेन्शन म्हणतात.

यावरचा उपाय मात्र जुनाच आहे. झेरॉक्स पार्कमध्ये रॉबर्ट हॅगमन यांनी सीडर नावाची फाइलसिस्टिम नव्याने लिहिली आणि १९८७ साली त्यावर पेपर वाचला. नोंदी एकेक करून डिस्कवर न लिहिता त्या साठवायच्या आणि साधारण अर्ध्या सेकंदाने एकदम लिहायच्या, हा त्यांचा ग्रुप कमिट. तेव्हा दुखणं लॉकचं नव्हतं, डिस्क मंद होती. पण औषध पुढे याही दुखण्याला लागू पडलं.

आता येऊ एक्सएफएसकडे, माझ्या आवडत्या पात्राकडे. एसजीआय कंपनीने १९९० च्या दशकात ही फाइलसिस्टिम बनवली ती मोठ्या मशीनसाठी आणि अवाढव्य फाइलींसाठी. पुढे ती लिनक्सवर आली. मोठ्या फाइलींना एकदम झकास! पण हजारो बारक्या फाइली बनवायला किंवा पुसायला सांगा, की हिचा दम निघायचा. समजा, एकाच फोल्डरमध्ये हजार फाइली टाकल्या. फोल्डरचा तोच तो ब्लॉक पुन्हा पुन्हा बदलणार, आणि दर वेळी त्याची नोंद नव्याने वहीत जाणार. प्रत्येक नोंदीला परत लॉक आलंच.

डेव्ह चिनर यांनी २०१० मध्ये, लिनक्स २.६.३५ मध्ये, डिलेड लॉगिंग आणलं. बदल आधी मेमरीतल्या एका यादीत जमवायचे. तोच ब्लॉक पन्नास वेळा बदलला तरी यादीत तो एकदाच, शेवटच्या रूपात. मग सगळा गठ्ठा एका दमात वहीत. वहीच्या लॉकपाशी होणाऱ्या फेऱ्या एकदम घटल्या, लिखाणही घटलं. ही युक्ती काही आभाळातून पडली नव्हती, एक्स्ट३ आधीपासून असंच काहीसं करत होती. २०११ च्या २.६.३९ मध्ये हीच पद्धत डिफॉल्ट झाली. गंमत म्हणजे अख्ख्या कर्नलला एकच कुलूप घालणारं ते जुनं बिग कर्नल लॉक हद्दपार झालं, तेही याच २.६.३९ मध्ये.

आता फुकट काही मिळत नाही. गठ्ठा मेमरीत असताना मशीन बंद पडलं तर त्यातलं सगळं गेलं, आणि आधीच्यापेक्षा जास्त गेलं. फाइलसिस्टिम मोडत नाही, पण थोडी मागच्या काळात जागी होते. ज्याला आपली नोंद आत्ताच पक्की हवी, त्या प्रोग्रामने एफसिंक म्हणून सांगायचं. तुमच्या फोनमधला एसक्यूलाइट डेटाबेस एरवी हेच करतो. हा सौदा मला तरी रास्त वाटतो. मात्र ज्याने एफसिंक केलंच नाही, त्याला तो सहसा क्रॅश झाल्यावरच कळतो.

बरं, रांग संपली का? छे! वहीपुढची रांग गेली आणि मेमरीतल्या यादीपुढे लागली. कारण त्या यादीलाही एक लॉक होतंच. मोठ्या सर्व्हरवर तेच नवं दुखणं झालं. ते निवारायला २०२२ उजाडलं: लिनक्स ६.० मध्ये प्रत्येक सीपीयूला स्वतःची यादी मिळाली. आता जो तो आपल्यापुरतं लिहितो. वहीत टाकायची वेळ आली की सगळ्या याद्या गोळा होतात, आणि क्रम बिघडू नये म्हणून प्रत्येक नोंदीवर आधीच टाकलेल्या नंबराप्रमाणे लावून घेतल्या जातात.