छत्तिसावे दालन: रॅप, कुंग-फू आणि एका व्हिडिओ गेमचा इतिहास

१/
१९९९ साली प्लेस्टेशनवर ‘वू-टँग: शाओलिन स्टाइल’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम प्रसिद्ध झाला. त्यातील योद्धे म्हणजे न्यूयॉर्कच्या ‘वू-टँग क्लॅन’ या रॅप गटाचे नऊ सदस्य. रॅप करणारे हे तरुण कुंग-फूच्या आखाड्यात कसे उतरले, हे समजण्यासाठी प्रथम हाँगकाँगला जावे लागते.

२/
१९७८ मध्ये शॉ ब्रदर्स या चित्रसंस्थेने ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक लाउ कार-लुंग, नायक गॉर्डन लिऊ. मांचू सत्तेच्या जुलमातून निसटलेला एक विद्यार्थी शाओलिन मठात आश्रय घेतो. तेथे विद्येची ३५ दालने आहेत आणि प्रत्येक दालनात शरीराची नवी कसोटी. ती सारी पार केल्यावर तो छत्तिसावे दालन मागतो: मठाबाहेरच्या सामान्य माणसांना ही विद्या शिकवणारे. चित्रपटाचा सारा अर्थ या एका मागणीत आहे.

३/
असे चित्रपट न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ४२व्या रस्त्यावरील स्वस्त चित्रपटगृहांत चालत. गोऱ्या नायकांच्या हॉलिवूडमध्ये ज्यांना स्वतःचे प्रतिबिंब दिसत नव्हते, अशा अनेक कृष्णवर्णीय तरुणांना येथे आपली कथा सापडली. अन्यायी सत्ता, निर्धन नायक आणि घाम गाळून मिळवलेले सामर्थ्य. पुढे वू-टँग क्लॅनचा सूत्रधार झालेला रिझा याच प्रेक्षकांपैकी एक होता.

४/
१९९२ च्या सुमारास हा गट उभा राहिला. त्याचे नाव ‘शाओलिन अँड वू टँग’ या १९८३ च्या चित्रपटावरून आले. नोव्हेंबर १९९३ मधील पहिल्या अल्बमच्या नावात ‘थर्टी-सिक्स चेंबर्स’ हे शब्द होते आणि गाण्यांत त्या चित्रपटांतील संवादांचे तुकडे गुंफलेले होते. जीभ हीच तलवार, असे हे रूपक. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड या आपल्या भागाला तर या गटाने ‘शाओलिन’ असेच नाव दिले.

५/
मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. नाशिकजवळची बौद्ध लेणी लोकव्यवहारात ‘पांडवलेणी’ झाली. ऐकलेली थोर कथा माणसे आपल्या परिसरावर आणून बसवतात आणि मग तो परिसर त्यांना अधिक आपला वाटू लागतो. स्टेटन आयलंडच्या सरकारी वसाहतींत वाढलेल्या मुलांनी हेच केले.

६/
त्यामागे व्यवहारही होता. लाउड रेकॉर्ड्स या कंपनीशी करार करताना गटाने एक अट मान्य करून घेतली: गट लाउडचा, पण प्रत्येक सदस्य एकल गायनासाठी दुसऱ्या कंपनीशी करार करण्यास मोकळा. त्या काळात ही मुभा दुर्मीळ होती. नाव आणि आवाज यांवरचा हक्क शक्य तितका आपल्या हाती राहावा, हा हेतू स्पष्ट आहे.

७/
आता गेमकडे वळू. पॅराडॉक्स डेव्हलपमेंट हा संघ ‘थ्रिल किल’ नावाचा गेम बनवत होता. नरकातील पात्रे, एका खोलीत एकाच वेळी झुंजणारे चार खेळाडू आणि टोकाचा हिंसाचार. १९९८ मध्ये त्याच्या प्रकाशनाचे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे गेले. जवळजवळ पूर्ण झालेला हा गेम त्या कंपनीने प्रसिद्ध करण्यास नकार दिला.

८/
पॅराडॉक्सने त्याचे इंजिन, म्हणजे गेम चालवणारी मूळ यंत्रणा, पुन्हा वापरात आणली. ॲक्टिव्हिजनसाठी केलेला वू-टँगचा गेम त्याच सांगाड्यावर उभा राहिला. चऱ्होलीच्या वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. शेजारच्या चाकणमध्ये फोक्सवॅगनची व्हेंटो आणि श्कोडाची रॅपिड या गाड्या एकाच तांत्रिक पायावर बनत असत. चॅसि तीच, बॉडी निराळी.

९/
नव्या बॉडीवर मेहनत मात्र खरी होती. नऊ सदस्यांना स्वतंत्र लढण्याच्या शैली दिल्या, कथेत गुरूच्या सुटकेची मोहीम आणली, छत्तीस दालनांचा संदर्भ राखला. इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षराच्या आकाराचा खास कंट्रोलरही विक्रीस आला. दिसायला देखणा, हातात धरायला अवघड. युरोपात हाच गेम ‘टेस्ट द पेन’ या नावाने विकला गेला.

१०/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे. १९९३ मध्ये या तरुणांनी दुसऱ्याची कथा घेतली आणि स्वतःच्या श्रमाने तिला आपल्या मातीत रुजवले. १९९९ मध्ये त्यांचे चेहरे घेऊन एका तयार सांगाड्यावर चढवण्यात आले. उसनवारी दोन्हीकडे आहे. फरक आहे तो घडवणारा हात कोणाचा, यात.

११/
म्हणून कोणत्याही सांस्कृतिक वस्तूविषयी ‘हे अस्सल की नक्कल?’ एवढे विचारून भागत नाही. कोणी घेतले, कशासाठी घेतले आणि घेतल्यावर त्यात स्वतःचे काय ओतले, हेही विचारावे लागते. मठाची विद्या बाहेरच्या माणसांपर्यंत नेणारे छत्तिसावे दालन हाँगकाँगच्या पडद्यावर कल्पिले गेले. स्टेटन आयलंडच्या नऊ जणांनी ते गाण्यांत खरोखर बांधले. गेमने त्याचे चित्र तेवढे रंगवले.