टर्बो गाडी ‘मॉडिफाय’ करणं म्हणजे नेमकं काय? ताकद वाढवण्याआधी काय तपासायला हवं?

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार झालेली, बाहेरून साध्या पोलोसारखीच दिसणारी गाडी. २०१३ मध्ये ती भारतात आली तेव्हा बॉनेटखाली जेमतेम १.२ लिटरचं इंजिन होतं, पण ताकद होती १०५ पीएस, म्हणजे जवळपास तितकेच हॉर्सपॉवर. ही ताकद आली टर्बोमुळे. टर्बो आला की लॅपटॉप जोडून ताकद आणखी वाढवता येते, हे गाडीवेड्या पोरांना कळायला वेळ लागला नाही.

खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे आयात शुल्कामुळे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते. त्यामुळे भारतात टर्बो गाड्यांचा छंद वाढला तो पोलो जीटी आणि स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएससारख्या गाड्यांभोवती. पण पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये बंद झालं. म्हणजे आज पोलो घेऊन या छंदात उतरणारा माणूस सेकंडहँड गाडीच घेणार. तिच्यावर आधीच्या मालकाने काय काय प्रयोग केलेत, ते आरसी बुकात लिहिलेलं नसतं.

म्हणूनच गाडीची ताकद कशी वाढते, त्याची किंमत कोणता पार्ट मोजतो आणि कायदा काय म्हणतो, हे आधी समजून घेऊया.

टर्बो नेमकं करतो काय?

इंजिनमध्ये पेट्रोल जाळायला हवा लागते. जास्त हवा आत गेली तर जास्त पेट्रोल जाळता येतं आणि जास्त ताकद मिळते. साधं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं. टर्बो ती दाबून आत कोंबतो.

यासाठी लागणारी ऊर्जा सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूतून मिळते. हा वायू एका छोट्या चक्राला फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला असलेलं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनकडे ढकलतं. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्युची यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. सर्वसामान्यांना विकत मिळणाऱ्या कारमध्ये टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेत, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेअर या गाड्यांमधून.

छोट्या टर्बोची चक्रं मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरू शकतात. एका बाजूला ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला वायू, दुसऱ्या बाजूला ताजी हवा आणि मधल्या दांड्याला आधार फक्त इंजिन ऑइलच्या पातळ थराचा. हा थर सांभाळणं हीच टर्बोच्या देखभालीतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

हा छंद आला कुठून?

याचं श्रेय बरंचसं जपानला जातं. १९८९ मध्ये निस्सानने दोन टर्बोचं २.६ लिटर इंजिन असलेली स्कायलाइन जीटी-आर आणली. त्या काळात जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की कुठल्याही गाडीची ताकद २८० पीएसच्या वर जाहीर करायची नाही. कागदावर जीटी-आरही २८० पीएसचीच. पण तिच्या इंजिनचा लोखंडी ब्लॉक इतका दणकट होता की हौशी लोक आणि गॅरेजवाले त्यातून दुप्पट ताकद काढू लागले.

१९९२ मध्ये सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन आल्या. रॅलीत उतरायचं तर तशीच गाडी ठरावीक संख्येने ग्राहकांनाही विकावी लागायची. त्यामुळे शर्यतीचं तंत्रज्ञान थेट लोकांच्या घरासमोर येऊन उभं राहिलं. पुढे व्हिडिओ गेम आणि २००१ पासूनच्या ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटांनी ही हौस जगभर पसरवली.

रिमॅप आणि ‘स्टेज’ म्हणजे काय?

आजच्या गाडीत किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोने किती दाब द्यायचा, हे सगळं ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. कंपनी त्यात सगळ्या परिस्थितींचा विचार करून आकडे भरते. राजस्थानातला उन्हाळा, लडाखमधली विरळ हवा, हलक्या प्रतीचं पेट्रोल, सर्व्हिसिंग लांबवणारा मालक, या सगळ्यांसाठी थोडी थोडी जागा राखलेली असते. रिमॅप म्हणजे हे आकडे बदलून त्या राखीव जागेतला काही भाग वापरून टाकणं.

गॅरेजच्या भाषेत याचे ‘स्टेज’ असतात. ही अधिकृत मानकं नाहीत, त्यामुळे दोन गॅरेजांचा ‘स्टेज टू’ वेगळा असू शकतो. ढोबळमानाने असं:

स्टेज वन: फक्त सॉफ्टवेअर. एकही नट न खोलता टर्बो पेट्रोल गाडीची ताकद साधारण २० ते ३० टक्के वाढू शकते.

स्टेज टू: सॉफ्टवेअरसोबत मोठा इंटरकूलर, हवा आत घेणारी वेगळी नळी आणि टर्बोला लागून असलेला मोकळा एक्झॉस्ट पाइप, म्हणजे डाउनपाइप.

स्टेज थ्री: टर्बोच मोठा. मग इंजेक्टर, पेट्रोल पंप, क्लच आणि बरेचदा इंजिनच्या आतले पिस्टनही बदलावे लागतात.

इंटरकूलर कशाला? हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तसंच. बाहेर ३० अंश असतील आणि टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर हवेचं तापमान १०० अंशांच्या पुढे जातं. गरम हवा विरळ असते. तिच्यामुळे ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच पेट्रोल स्वतःहून पेट घेण्याचा धोकाही वाढतो. यालाच नॉकिंग म्हणतात आणि ते वाढलं तर पिस्टनचे तुकडे पडू शकतात. इंटरकूलर ही हवा थंड करतो. तापमान १० अंशांनी उतरलं तरी हवा सुमारे ३ टक्के दाट होते. त्यामुळे जानेवारीतल्या पहाटे झकास पळणारी गाडी मे महिन्यात दुपारी सुस्त वाटली, तर त्यात नवल नाही.

वाढलेला भार कुणावर पडतो?

सॉफ्टवेअर बदलतं, पण गिअरबॉक्स तोच राहतो. सुरुवातीच्या पोलो जीटी टीएसआयचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, १७५ न्यूटन मीटर होता. तिचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स बनवला आहे तो कमाल २५० न्यूटन मीटरसाठी. आधीच हा गिअरबॉक्स शहरातल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो. त्यात रिमॅप करून टॉर्क त्या मर्यादेपर्यंत नेला, तर क्लचचं आयुष्य कमी होणारच. रिमॅपचा खर्च हजारांत असतो, गिअरबॉक्सचा लाखांत जाऊ शकतो.

ब्रेकचं गणित त्याहून कडक आहे. वेग ताशी १०० वरून १२० किलोमीटर झाला, म्हणजे २० टक्के वाढला, तर ब्रेकला शोषावी लागणारी ऊर्जा ४४ टक्के वाढते. ताकद वाढवलेल्या गाडीला कंपनीचेच जुने ब्रेक पॅड आणि झिजलेले टायर असतील, तर धोका फक्त चालवणाऱ्याला नसतो. समोरून दुचाकीवर येणाऱ्यालाही असतो.

देखभाल कशी करायची?

इंजिन ऑइल: कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच वापरा. मॉडिफाय केलेल्या गाडीत ते कंपनीच्या मुदतीआधीच बदललेलं चांगलं. छोट्या टर्बो इंजिनांत कमी वेगावर जोर लावला की अवेळी स्फोट होण्याचा त्रास असतो. तो टाळण्यासाठी २०२० मध्ये ‘एपीआय एसपी’ हा ऑइलचा दर्जा आला. कंपनीच्या शिफारशीत बसत असेल तर डब्यावर तो पाहून घ्या.

गाडी चालवण्याची पद्धत: थंड इंजिनवर पहिली काही किलोमीटर आरामात. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर पाय पूर्ण दाबू नका, आधी गिअर उतरवा. जोरात चालवल्यावर शेवटची दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवा. तापलेल्या टर्बोसकट इंजिन झटकन बंद केलं तर आतलं ऑइल जळून काजळी धरतं. अनेक नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरवणारा छोटा पंप असतो, तरी ही सवय फायद्याचीच.

स्पार्क प्लग आणि कॉइल: दाब वाढला की ठिणगीवरही ताण येतो. वेग घेताना गाडी अडखळली, तर आधी इथे बघा.

व्हॉल्व्हवरची काजळी: टीएसआय इंजिनात पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे हवा आत सोडणारे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळीचे थर बसतात. ते काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. धातूला ओरखडा न पडता काजळी निघते.

ब्रेक फ्लुइड: हे हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाट उतरताना फ्लुइड उकळलं तर पेडल थेट खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला.

पेट्रोल: रिमॅप किती ऑक्टेनवर केला आहे, ते गॅरेजकडून लिहून घ्या. ९५ किंवा १०० ऑक्टेनवर जुळवलेल्या गाडीत हलकं पेट्रोल भरलं तर नॉकिंगचा धोका वाढतो. उलट, कंपनीच्या मूळ सेटिंगवरच्या साध्या गाडीत महागडं पेट्रोल टाकून फारसा फरक पडत नाही.

आधी काय बदलायचं?

पहिलं, गाडी कंपनीच्या मूळ स्थितीत ठणठणीत करा: गळती, होज पाइप, माउंटिंग, राहिलेली सर्व्हिसिंग. दुसरं, टायर आणि ब्रेक. तिसरं, सस्पेन्शन. ताकद सगळ्यात शेवटी. बहुतेकजण हा क्रम उलटा करतात, कारण पिकअप लगेच जाणवतो आणि ब्रेक पॅड मित्रांना दाखवता येत नाहीत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. मान्यताप्राप्त सीएनजी किटसारख्या बदलांना ठरलेल्या अटींवर परवानगी मिळते.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. नियमांत न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज किंवा धुराची मर्यादा ओलांडली तर कलम १९० लागतं. त्यात पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सवर गदा. डाउनपाइप बदलताना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला, तर गाडी थेट याच कलमाच्या कचाट्यात सापडते.

विम्याचं काय? बदल विमा कंपनीला न कळवता केले आणि अपघात झाला, तर तुमच्या गाडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. वॉरंटीही हातची जाते. फोक्सवॅगन समूहाच्या गाडीत रिमॅप आढळला तर सर्व्हिस सेंटरच्या यंत्रणेत तिच्या नावावर ‘टीडी१’ असा शेरा लागू शकतो.

मग वेग अनुभवायचा कुठे?

रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. हक्काची जागा म्हणजे ट्रॅक: कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाची ड्रॅग शर्यत भरत आली आहे. तिथे रुग्णवाहिका असते, अग्निशमनाची सोय असते आणि समोरून कुणी येत नाही.

सेकंडहँड टर्बो गाडी घेताना काय विचाराल?

सर्व्हिसिंगची सगळी बिलं मागा आणि ऑइल किती किलोमीटरवर बदललं ते बघा. ‘रिमॅप होता, पण काढला’ असं मालक म्हणाला, तर किती किलोमीटर तसा चालवला ते विचारा, कारण सॉफ्टवेअर मूळ पदावर आणता येतं, क्लचची झीज नाही. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, आणि त्यामागे टर्बोचं सीलही असू शकतं. ओबीडी स्कॅनर लावून जुने एरर कोड वाचून घ्या. आणि डाउनपाइप बदललेला असेल तर मूळ पार्ट सोबत मिळतोय का, ते सौदा ठरण्याआधी विचारा. तो नसेल तर नवा घेण्याचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करूनच बोलणी करा.