खेळण्यातल्या मोटारींची डागडुजी

माळ्यावरची एखादी जुनी ट्रंक उघडली की तळाशी कधीकधी बोटभर लांबीची, हाताला जड लागणारी एक मोटार सापडते. रंग उडालेला, एक चाक गायब, टपाला पोचा आलेला. आपण ती पोरांच्या हाती देतो, नाही तर मोडीत घालतो. परंतु जगात असे पुष्कळ लोक आहेत, की अशी मोटार दिसली म्हणजे त्यांचा जीव खालीवर होतो. ते ती घरी नेतात, सुटी करतात, घासतात, रंगवतात, नवी चाके बसवतात आणि काचेच्या कपाटात मांडून ठेवतात. हे लोक काही रिकामटेकडे नव्हेत. त्यांत कारागीर आहेत, शिक्षक आहेत, डॉक्टरही आहेत. हा छंद कसा आला, आणि त्यात एक कठीण प्रश्न कसा लपलेला आहे, ते आज सांगायचे आहे.

आधी ही मोटार होते कशी ते पाहू. आपल्याकडचा ओतारी मातीचा साचा करतो, त्यात पितळ ओततो आणि मूर्ती निघाली की साचा फोडतो. एका साच्यात एकच मूर्ती. या मोटारींचा साचा मात्र पोलादी असतो, दोन पाखांचा. पातळ झालेला धातू त्यात जोराने दाबून भरतात. काही क्षणांत तो गोठतो, साचा उघडतो, मोटारीचे अंग बाहेर पडते आणि साचा पुन्हा मिटतो. एकाच साच्यातून हजारो मोटारी. धातू असतो मुख्यतः जस्त, त्यात शेकडा चार भाग ॲल्युमिनियम आणि किंचित तांबे व मॅग्नेशियम. हे मिश्रण सुमारे ३८५ अंश सेल्सियसला वितळते. पितळेला नऊशेच्या वर उष्णता लागते, म्हणून पोलादी साच्यात पितळ भरणे फार कष्टाचे, जस्त भरणे सोपे. जाता जाता सांगतो, जस्त काढण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाही. राजस्थानात उदेपूरजवळ जावर येथे कित्येक शतकांपूर्वी जस्त काढीत, आणि त्या कामी वापरलेल्या मातीच्या नळ्यांचे ढीग तेथे अजून दिसतात.

या खेळण्याचे मूळ मात्र छापखान्यात आहे. छापखान्यात पूर्वी शिशाचे खिळे एकेक करून जुळवीत असत. पुढे लायनोटाइप नावाचे यंत्र निघाले. ते अख्खी ओळ एकदम ओतून काढी. १८९३ साली अमेरिकेत शिकागो येथे मोठे प्रदर्शन भरले होते. स्वामी विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. तेथे डाउस्ट बंधूंपैकी एकाने हे यंत्र पाहिले. हे बंधू परीट-धंद्याचे एक मासिक चालवीत! त्यांच्या मनात आले, की जे यंत्र अक्षरे ओतते ते बटणे का ओतणार नाही? बटणे झाली, लहानसहान शोभेच्या वस्तू झाल्या, आणि १९११ च्या सुमारास एक चिमुकली बंद मोटार झाली. मग फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी आली. पुढे या खेळण्यांना टूट्सीटॉय असे नाव पडले. घरातल्या एका नातीचे ते लाडके नाव.

इंग्लंडात ही गोष्ट लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी यांनी केली. आमच्या पिढीतल्या शहरी मुलांना मेकॅनो ठाऊक होता, त्याचे हे जनक. भोके पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या स्क्रूने जोडून मुलांनी पूल, यारी, गाड्या बनवाव्यात, अशी ती कल्पना. तिचे पेटंट १९०१ सालचे. नंतर त्यांनी आगगाड्या काढल्या. आता खेळण्यातल्या स्टेशनाबाहेर काही तरी उभे हवे ना? म्हणून १९३३ च्या अखेरीस सहा छोट्या गाड्या आल्या. त्यांत ट्रॅक्टर होता आणि रणगाडाही. पुढच्याच वर्षी त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळाले, आणि पाहता पाहता स्टेशन मागे पडून मोटारी पुढे आल्या. मालकाच्या पंक्तीला बसलेला पाहुणाच घरधनी झाला म्हणा!

पण या युद्धपूर्व गाड्यांना एक दुखणे लागले. जस्त अगदी शुद्ध असावे लागते. त्यात शिशाचा किंवा कथलाचा जरासा अंश मिसळला, तरी धातूच्या कणाकणांच्या सांध्यांत आतल्या आत गंज चढतो. गाडी फुगते, तिला केसासारख्या भेगा पडतात, आणि एके दिवशी ती हातात घेतली की बिस्किटासारखी तुटते. उष्ण आणि दमट हवेत हे जलद होते, म्हणजे आपल्या कोकणासारख्या ठिकाणी अधिकच. याला औषध नाही. वरून कितीही रंग द्या, आत पोखरणे चालूच राहते. कोरड्या जागी ठेवावी, हात कमी लावावा, एवढेच करता येते. जुन्या गाड्यांची डागडुजी करणारा माणूस पहिल्याने भिंग घेऊन भेगा का पाहतो, ते यावरून ध्यानात येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ यांनी १९४७ साली लेस्नी नावाचा कारखाना काढला. नावे जोडून नाव, नाते काही नाही. त्यांच्याबरोबर जॅक ओडेल नावाचा साचे करणारा हुशार कारागीर होता. त्याच्या मुलीच्या शाळेत नियम असा, की काड्यापेटीत मावेल तेवढेच खेळणे आणावे. (शिक्षक मंडळींनी या नियमाचा विचार करून पाहावा!) ओडेलने तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. शाळेतल्या सगळ्या मुलांना तो हवाहवासा वाटू लागला, आणि त्यातून १९५३ साली मॅचबॉक्स गाड्या निघाल्या. पहिल्या तीन कोणत्या? रोडरोलर, खडी वाहणारा डंपर आणि सिमेंट कालवण्याचे यंत्र. ऐटबाज मोटार एकही नाही, सगळी रस्त्यावर राबणारी माणसे. मला ही गोष्ट फार आवडते.

आपल्या देशातही या साच्यांचा एक फाटा आला. परदेशी माल आणण्यावर बंधने होती त्या काळात, १९६० च्या दशकात, कलकत्त्याच्या एस. कुमार आणि कंपनीने डिंकीचे काही वापरून झालेले साचे घेतले आणि तेथे निकी टॉइज नावाने गाड्या ओतल्या. इंग्रज पोरांनी खेळून टाकलेल्या नमुन्याची नवी गाडी बंगालच्या पोराच्या हाती आली. आज परदेशातले शौकीनही निकी गाड्या शोधत असतात.

कारखान्यांचे पुढे काय झाले? लिव्हरपूलचा डिंकीचा कारखाना १९७९ साली बंद पडला, लेस्नीचे १९८२ साली दिवाळे निघाले. त्या गाड्यांशी खेळलेली मुले तोवर मोठी झाली होती. गाडी नव्याने मिळेना, तेव्हा मोडकी दुरुस्त करण्याला महत्त्व आले.

दुरुस्तीची रीत ऐका. गाडीचा तळ बहुधा रिबिटाने बसवलेला असतो. रिबिटाचे डोके बारीक गिरमिटाने हलके हलके कोरून काढायचे, ठोकून मुळीच नाही. तळ सुटला की काचा, बैठका, आस आणि चाके क्रमाने काढून वाटीत ठेवायची. मग जुना रंग उतरवायचा. येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. घाईने कॉस्टिक सोड्यात गाडी बुडवू नका, कारण तो रंगाबरोबर जस्तालाही खातो. आणि जुन्या रंगात शिसे असण्याचा फार संभव, तेव्हा कोरडा रंग घासून धूळ उडवू नये. तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क, हातात मोजे, काम ओलसर ठेवून करावे, आणि लहान मुलांना त्या जागी येऊ देऊ नये. वर्गात हा उद्योग करवून घेण्याची इच्छा झाली, तर गुरुजनांनी नवी गाडी घ्यावी, जुनी नव्हे.

रंग उतरला, की बारीक कानशीने कंगोरे साफ करायचे, पोचे भरायचे, अस्तराचा हात द्यायचा आणि वाळल्यावर रंगाचे पातळ फवारे द्यायचे. एकच जाड हात दिला, तर दाराच्या रेघा, दिव्यांच्या कडा सगळे बुजून जाते. टायर रबराचे असतात, ते कडक होऊन तडकतात. ते नवे मिळतात. हरवलेले भागही हौशी लोक ओतून विकतात. शेवटी रिबिटाच्या खुंटात आटे पाडून लहानसा स्क्रू बसवायचा. हा स्क्रू म्हणजे डागडुजीची खूण. कारखान्यातून आलेल्या गाडीला तो नसतो.

दुसऱ्या एका पंथाला जुने जसेच्या तसे नकोच असते. ते गाडीचे टप कापून बुटके करतात, मागे रुंद चाके घालतात, मनाला येईल तो रंग देतात. याचे मूळ अमेरिकेत कॅलिफोर्नियाला आहे. तेथली तरुण मुले जुन्या फोर्ड मोटारी घेऊन त्यांचे मडगार्ड काढीत, इंजिने बदलीत आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या मैदानात शर्यती लावीत. १९६८ साली हॉट व्हील्स गाड्या निघाल्या, त्या या मोटारींचीच छोटी रूपे होती. झगझगीत रंग, बारीक तारेचा आस, आणि उतारावर सोडली की वाऱ्यासारखी धाव. मॅचबॉक्सवाल्यांना आपली चाके बदलावी लागली. म्हणजे बदलून घेतलेल्या मोटारीचे खेळणे झाले आणि आता हौशी लोक त्या खेळण्यालाही बदलून घेतात!

आता तो कठीण प्रश्न. २००८ साली इंग्लंडात लिलावात डिंकीची एक युद्धपूर्व मालवाहू मोटार विकली गेली. बाजूवर डब्ल्यू. ई. बॉईस नावाच्या दुकानाची जाहिरात होती. किंमत आली १९,९७५ पौंड. त्याच साच्यातली पण दुसऱ्या दुकानाच्या नावाची साधी गाडी त्या किमतीच्या थोड्याशा अंशाला मिळते. धातू तोच, साचा तोच. मोल होते त्या पातळ रंगाचे आणि अक्षरांचे. साहजिकच काही लबाड लोक साध्या गाडीला दुर्मिळ रंग देऊन खरी म्हणून विकू लागले. म्हणून शौकिनांनी आपसांत एक संकेत पाडला आहे. कारखान्याने केलेली ती पहिल्या प्रकारची. कारखान्याच्या संमतीने बाहेर बदललेली ती दुसरी. संमतीवाचून कोणीही रंगवलेली, बदललेली ती तिसरी. तिसरी वाईट असे नव्हे, फक्त तिने आपण पहिली असल्याचे सांगू नये. आणि पुष्कळ जाणते लोक तर म्हणतात, की मूळ रंग थोडाही शिल्लक असेल तर गाडीला हात लावू नका, धूळ पुसा आणि ठेवा.

हे मला पटायला फार उशीर लागला. मुंबईला गोदीत असलेल्या आमच्या मामांनी लहानपणी आम्हाला डिंकीची एक बस आणून दिली होती. निळी, कडेने रुपेरी पट्टा. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी. सुरू झाली, पण आमच्या गावापर्यंत यायला तिला आणखी बारा-तेरा वर्षे लागली. आली त्या आठवड्यात थोरल्या दादांनी खिडक्यांना मारायच्या तांबड्या रंगात ती बस रंगवून काढली, आणि खिळ्याने कपाळावर गावाचे नाव कोरले. रंग ओघळलेला, अक्षरे वाकडी. आम्ही दोघे ओसरीभर ती चालवीत असू. दादा कंडक्टर, मी प्रवासी.

दादा गेले त्यानंतर ती बस माझ्याकडे आली. निवृत्त झालो होतो, हात शिवशिवत होते. मी महिनाभर खपून तिचा तांबडा रंग उतरवला, पोचे भरले, आणि लिव्हरपूलहून निघाली तेव्हा असेल तशी निळी केली, रुपेरी पट्ट्यासकट. काम चांगले उतरले होते, खोटे कशाला बोलू? दिवाळीला वहिनी आल्या तेव्हा मोठ्या हौसेने त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "छान आहे. पण भाऊजी, आपली लाल एस्टी कुठं गेली हो?"

मला काही सांगता येईना. तांबडा रंग पुन्हा देता आला असता, पण तो माझा झाला असता, दादांचा नव्हे. त्या रात्री मी तळाचा पत्रा परत काढला. टपाच्या आतल्या कोपऱ्यात, जेथे माझे औषध पोचले नव्हते, तेथे तांबड्या रंगाचा एक ओघळ राहिला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. तो तसाच ठेवला. तळाच्या आत कागदाची चिठ्ठी चिकटवली: ही बस आधी निळी, मग दादांनी तांबडी केली, नंतर मी निळी केली. साल घातले आणि पत्रा बसवला.