उड्डाण थांबल्यावर

इतिहासाची पुस्तके आरंभांनी भरलेली असतात. पहिले विमान, पहिला अग्निबाण, चंद्रावरचे पहिले पाऊल यांच्या तारखा शाळकरी पोरालाही पाठ असतात. परंतु एखादा मोठा राष्ट्रीय उद्योग बंद झाला तो दिवस कोणता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला कामगार कुठे गेला, हे फारसे कोणी लिहून ठेवीत नाही. ज्यांची हयात कामगार चळवळीत गेली त्यांना मात्र हाच प्रश्न आधी सुचतो. देवनारकरांना तर तो सुचायलाच हवा. १९२७ पासून मुंबई शहराने टाकून दिलेले सारे काही आमच्या वेशीवर येऊन पडत आले आहे. वस्तू संपली म्हणून ती नाहीशी होत नाही, तिचे पुढे कोणाला तरी काहीतरी करावेच लागते, हे आम्हाला ग्रंथातून शिकावे लागलेले नाही.

म्हणून या वर्षीच्या व्याख्यानासाठी आम्ही विषय घेतला तो माणसे अंतराळात पाठवण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमांच्या अंताचा, आणि त्या अंतानंतरच्या काळाचा. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु अंतराळयान आकाशात उडत असले तरी घडते कारखान्यातच, आणि कारखान्याबद्दल बोलण्याचा थोडाफार अधिकार आम्हाला आहे.

आधी आपल्या घरची गोष्ट पाहू. ३ एप्रिल १९८४ रोजी बैकानूरच्या तळावरून सोयूझ टी-११ हे सोव्हिएत यान उडाले. यूरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव यांच्या जोडीला त्यात आपल्या विमानदलाचे स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा होते. राखीव म्हणून रवीश मल्होत्रा यांनीही तेवढेच खडतर शिक्षण घेतले होते. शर्मा साल्यूत-७ या स्थानकावर राहिले, नेमून दिलेले प्रयोग त्यांनी केले, आणि ११ एप्रिलला ते सुखरूप उतरले. साऱ्या देशाला आनंद झाला व तो रास्तच होता.

पुढच्याच वर्षी दुसरे दार किलकिले झाले. २९ एप्रिल ते ६ मे १९८५ या काळात अमेरिकेच्या 'चॅलेंजर' यानातून 'अनुराधा' नावाचा भारतीय प्रयोग अंतराळात फिरून आला. तो आपल्या मुंबईचा होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुकुमार बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सिद्ध केला होता. विशिष्ट प्लास्टिकचे पातळ पत्रे थप्पीने रचलेले. एक थप्पी दुसरीच्या वर सावकाश सरकत राहावी अशी योजना. त्यामुळे विश्वकिरणांचा कण त्या पत्र्यांतून आरपार गेला, की तो कोणत्या वेळी आला हेही त्याच्या खुणेवरून वाचता येई. याच सुमारास भारतीय अंतराळ संशोधन संस्थेतील, म्हणजे इस्रोतील, एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन या दोघांची निवड झाली. इन्सॅट-१ सी हा आपला उपग्रह अमेरिकी यानातून सोडायचा होता आणि त्याच यानातून या दोघांपैकी एकाने जायचे होते. उड्डाण १९८६ च्या सप्टेंबरात ठरले होते.

ते झाले नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटले आणि सात माणसे गेली. पुढे चौकशी आयोगापुढे जे बाहेर आले ते कोणत्याही कामगाराला ओळखीचे वाटेल. बाजूच्या अग्निबाणांच्या सांध्यांत रबरी कड्या होत्या. कडाक्याच्या थंडीत त्या ताठर होतील, उद्या उड्डाण करू नका, असे ते अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. ज्यांचे हात कामाला लागले होते ते 'थांबा' म्हणाले. ज्यांच्या डोळ्यांपुढे वेळापत्रक होते ते 'चला' म्हणाले. पुढचे आपणांस ठाऊक आहे.

शटलची उड्डाणे अडीच वर्षांहून अधिक काळ बंद राहिली. इन्सॅट-१ सी हा उपग्रह १९८८ च्या जुलैत युरोपच्या एरियान अग्निबाणावरून गेला. उपग्रहाला दुसरे वाहन मिळाले, माणसाला मिळाले नाही. भट आणि राधाकृष्णन आपापल्या जुन्या कामावर परतले. राकेश शर्मा १९८७ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये गेले आणि आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात मुख्य चाचणी-वैमानिक झाले. १९९१ च्या डिसेंबरात ज्या देशाने त्यांना वर नेले होते तो सोव्हिएत संघच इतिहासजमा झाला. कर्नालची कल्पना चावला पुढे अंतराळात गेली खरी, परंतु अमेरिकेची नागरिक म्हणून; आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यानाबरोबर तिचाही अंत झाला. शर्मांनंतरचा दुसरा भारतीय नागरिक, ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला, पृथ्वीच्या कक्षेत गेला तो २५ जून २०२५ रोजी. मध्ये एक्केचाळीस वर्षे लोटली.

एक्केचाळीस वर्षे म्हणजे एका कामगाराची संपूर्ण नोकरी, आणि वर थोडी. उमेदवार म्हणून लागलेला पोरगा तेवढ्या काळात निवृत्त होऊन घरी बसतो. या काळात आपले काय बुडाले आणि काय टिकले? त्याचा हिशेब करण्यापूर्वी इतरांच्या घरी काय झाले ते पाहिले पाहिजे.

सोव्हिएत संघाने 'बुरान' नावाचे यान बांधले होते. दिसायला ते अमेरिकी शटलसारखेच. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी ते एकही माणूस न बसवता उडाले, पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालून आपले आपण धावपट्टीवर उतरले. हा पराक्रम लहान नव्हता. परंतु पुढे पैसा आटला, देश फुटला, आणि १९९३ मध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला. यान बैकानूरच्या एका प्रचंड इमारतीत पडून राहिले. १२ मे २००२ रोजी त्या इमारतीचे छप्पर कोसळले. यानाचा चुराडा झालाच, शिवाय छपराची दुरुस्ती करणारे आठ कामगार मेले. कार्यक्रम मिटून नऊ वर्षे झाली होती, तरी त्याने आठ बळी घेतले. टाकून दिलेले काम असे मागाहून अंगावर येते.

अमेरिकेची गोष्ट निराळी, पण बोध तोच. ज्या सॅटर्न-५ अग्निबाणाने माणसे चंद्रावर नेली त्याचे शेवटचे उड्डाण १९७३ च्या मेमध्ये झाले. त्याच्या तळाशी एफ-१ नावाची पाच अजस्र इंजिने असत. चाळीस वर्षांनी तेथील अंतराळ संस्थेच्या तरुण अभियंत्यांनी संग्रहातले एक एफ-१ काढून त्याचा भाग न् भाग सुटा केला. नकाशे होते, कागदपत्रे होती. तरीही असे आढळले की, प्रत्येक इंजिन थोडे वेगळे आहे. सांधणाऱ्याने, जुळवणाऱ्याने त्या त्या वेळी हाताने जे केले, जी क्लृप्ती लढवली, ती कागदावर कधी उतरलीच नव्हती. ती माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर ती विद्याही गेली.

मंडळी, हे वाचताना आम्हाला अलाबामा दिसले नाही, लालबाग-परळ दिसले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे नको. परंतु पुढे गिरण्या मिटल्या तेव्हा जमिनीची मोजणी फुटाफुटाने झाली, यंत्रांची भंगारात वजनाने झाली, आणि मागाच्या आवाजावरून कुठला धागा तुटणार हे ओळखणारे जे कान होते त्यांची मोजणी कोणत्याच वहीत झाली नाही. कारण तो माल ताळेबंदात दाखवायला रकानाच नसतो.

शटलचा शेवटही असाच झाला. २००४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी तो जाहीर केला आणि २१ जुलै २०११ रोजी 'अटलांटिस' शेवटचे उतरले. तीस वर्षांत १३५ उड्डाणे झाली. अंताची तारीख सात वर्षे आधी माहीत होती. अडचण एवढीच की, पुढचे यान तयार नव्हते. याच काळात, २००७ मध्ये, फ्लोरिडाच्या तळावरील पाचशेहून अधिक यंत्रकामगारांनी पगार आणि आजारपणाच्या विम्यासाठी काही महिने संप केला होता. शेवटच्या उड्डाणानंतर हजारोंना घरी जावे लागले. पुढची जवळजवळ नऊ वर्षे चंद्रावर गेलेला देश आपली माणसे रशियाच्या यानातून पाठवीत होता आणि एकेका आसनाचे भाडे आठ-नऊ कोटी डॉलरपर्यंत चढले. कामगारांची घडी मोडून वाचवलेला पैसा असा भाड्यात जातो. ३० मे २०२० रोजी एका खाजगी कंपनीच्या यानातून अमेरिकी भूमीवरून पुन्हा उड्डाण झाले, तेव्हा त्याचे नेतृत्व डग हर्ली यांच्याकडे होते. हेच हर्ली 'अटलांटिस'च्या शेवटच्या सफरीत चालक होते. अनुभवाचा एक धागा तरी तुटू दिला नाही, एवढे शहाणपण तेथे उरले होते.

मग अंत चांगला करता येतच नाही की काय? येतो. त्याचे उदाहरण बघायला फार दूर जायला नको. देवनारहून तुर्भ्याच्या डोंगराकडे पाहिले तरी पुरे. तेथील सायरस अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली आणि १० जुलै १९६० रोजी चालू झाली. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर कॅनडाने हात काढून घेतला. भट्टी आपल्याच माणसांनी चालवली. ३१ डिसेंबर २०१० रोजी, अमेरिकेशी झालेल्या समझोत्याला अनुसरून, ती कायमची बंद झाली. पन्नास वर्षांचे काम संपले. परंतु तिच्या शेजारी 'ध्रुव' ही शंभर मेगावॉटची स्वदेशी भट्टी ८ ऑगस्ट १९८५ लाच चालू झालेली होती. सायरसवर हात बसलेल्यांनी ध्रुव उभारण्यात भाग घेतला, तिच्या सुरुवातीच्या खोडी काढल्या, आणि जुनी मिटली तेव्हा पंचवीस वर्षे दोन्ही शेजारी शेजारी नांदून झाल्या होत्या. जुन्या दिव्यावरून नवा पेटवून घेतला, मग जुना शांत केला. अंत करावा तर असा.

आता आपल्या एक्केचाळीस वर्षांचा हिशेब. १९८४ चे यान आपले नव्हते, १९८६ चेही नसते. आपला माणूस दुसऱ्याच्या गाडीतला पाहुणा होता, म्हणून यजमानाची गाडी अडली तसा आपला प्रवास खुंटला. परंतु ज्या कामाचा गाजावाजा नव्हता ते चालू राहिले, आणि त्यानेच धागा टिकवला. १९७४ मध्ये फ्रान्सशी एक करार झाला होता. आपल्याकडे द्यायला पैसा नव्हता, म्हणून आपण श्रम दिले. आपल्या अभियंत्यांनी तेथे शंभर मनुष्यवर्षांचे काम करायचे आणि मोबदल्यात इंजिनाची विद्या घेऊन यायची. त्यातून 'विकास' इंजिन जन्मले. ते घडवण्याचे काम पुढे आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात होऊ लागले. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात, जिथे साखर कारखान्यांची यंत्रे बनत, तिथे अग्निबाणांची कवचे बनू लागली. पवईतही बनू लागली. वर्षानुवर्षे पोलाद वाकवले गेले, सांधे क्ष-किरणांनी तपासले गेले, चुकलेले पुन्हा केले गेले. वर्तमानपत्रांना त्यात बातमी दिसली नाही.

त्या कामाचे फळ हळूहळू दिसू लागले. २००७ च्या जानेवारीत आपली एक कुपी अंतराळात जाऊन बंगालच्या उपसागरात अलगद उतरली. १८ डिसेंबर २०१४ रोजी माणसे बसतील एवढ्या आकाराची रिकामी कुपी वर जाऊन आली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी गगनयानाची घोषणा झाली. १४ जुलै २०२१ रोजी तेच 'विकास' इंजिन माणसांच्या प्रवासाला योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी महेंद्रगिरीला सलग २४० सेकंद चालवले गेले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी संकटकाळी कुपी सुटी होते की नाही याची परीक्षा झाली. घोषणेत सांगितलेले २०२२ साल उलटून गेले, याबद्दल काही जण नाके मुरडतात. आम्ही मुरडणार नाही. ज्यांचे हात कामाला आहेत ते 'थांबा' म्हणत असतील आणि त्यांचे ऐकले जात असेल, तर ती शुभ गोष्ट आहे. 'चॅलेंजर'च्या आदल्या रात्री एवढेच व्हायला हवे होते.

परंतु एक काळजी सांगितल्यावाचून राहवत नाही. गेल्या तीस वर्षांत कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कित्येक यंत्रकारखाने मिटताना आम्ही पाहिले. तेथल्या कुशल फिटर-टर्नरांना स्वेच्छानिवृत्तीचा चेक मिळाला. त्यांच्या हाताखाली एखादा पोरगा तयार व्हावा, असे मात्र कोणाला वाटले नाही. जे कारखाने उरले त्यांतल्या अनेकांत कंत्राटी कामगार भरला जातो. अकरा महिन्यांनी जो जाणार आहे त्याला वस्ताद आपली विद्या कशाला देईल, आणि तो तरी ती कशाला घेईल? सांधा क्ष-किरणाखाली निर्दोष ठरावा असा हात बसायला वर्षे लागतात. ज्या राष्ट्राला माणूस अंतराळात पाठवायचा आहे त्याने आधी माणूस कारखान्यात टिकवला पाहिजे.

गगनयानही एक दिवस संपेल. साऱ्याच मोहिमा संपतात, त्याचे दुःख मानण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, त्या दिवशी विक्रोळीच्या, पवईच्या, वालचंदनगरच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या शेजारी त्याचे काम शिकलेला एक तरुण चालत असेल की नाही. तो असावा, ही मागणी आम्ही आजच लेखी देऊन ठेवीत आहोत. कारण कार्यक्रम मिटल्यावर दिलेली मागणी कोणी वाचत नाही, हा आमचा धंद्यातला अनुभव आहे.