जोहार, जयभीम आणि विडीचा हिशेब

गोंदियाचे नाव निघाले की आमच्या सुशिक्षित वर्गाच्या डोळ्यांपुढे भाताच्या गिरण्या, हावड्याकडे धावणाऱ्या आगगाड्या आणि विडीचे कट्टे उभे राहतात. तो कट्टा बांधणारा हात कोणाचा, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे विचारले नव्हते.

उन्हाळ्यात जंगलातून तेंदूची पाने यावीत, ती भिजवून कात्रीने बेतावीत, चिमूटभर जर्दा घालून विडी वळावी, दोऱ्याने बांधावी. आणि हजाराचा आकडा पुरा केल्यावर ठेकेदाराने त्यांतून मूठभर विड्या खराब म्हणून बाजूस काढाव्यात! त्यांची मजुरी नाही, आणि पुष्कळदा त्या परतही मिळत नसत. पूर्व विदर्भात हे काम ज्यांच्या वाट्यास आले त्यांत महार समाज मोठा होता. गिरणीच्या कापडापुढे त्यांचे जाडेभरडे विणकाम टिकले नव्हते. त्यांनी तोंड उघडावयाचे तर पहिला शब्द 'जोहार'. चोखोबांनी हा जोहार विठ्ठलास केला आणि त्यास भक्तीचे मोल आणले, हे खरे. परंतु विठ्ठल विड्या मोजावयास बसत नव्हता. आरंभीच मान खाली घातलेल्या मनुष्याने पुढे मोजणीबद्दल वाद कसा घालावा?

हे मर्म कामठीच्या बाबू हरदास यांनी ओळखले. १९०४ साली जन्मलेल्या या तरुणाने मध्य प्रांतातील विडी मजुरांची संघटना बांधली. धर्माच्या नावाने चाललेल्या रूढींवर १९२४ मध्ये 'मंडळ माहात्म्य' हे पुस्तक लिहिणाराही तोच, आणि 'जयभीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेयही त्यालाच देतात. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्रांतिक कायदेमंडळात निवडून आले, आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, निवर्तले. संघटना आणि अभिवादन ही दोन निरनिराळी कार्ये होत, असे आम्हांस वाटत नाही. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे डॉ. आंबेडकरांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, तेही याच विचाराने.

आमचे काही समाजवादी स्नेही म्हणतात, धर्म बदलल्याने हजारी दर एक पैसाही वाढत नाही. गणित बरोबर आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडारा मतदारसंघाने खुद्द बाबासाहेबांस पराभूत केले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जिल्हा १९९९ मध्ये झाला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतरही विडी मजुरांसाठी वेगळा कायदा व्हावयास १९६६ साल उजाडले, आणि घरी बसून वळणाऱ्या बाईपर्यंत तो कितपत पोहोचला, हा प्रश्न आहेच. पण आमच्या स्नेह्यांच्या हिशेबात एक रकम राहून जाते: मोजणीच्या वेळी ताठ उभे राहून 'ही विडी खराब का?' असे विचारणारा आवाज. तो कायद्याने दिलेला नव्हता. आम्ही प्राध्यापक मंडळी मात्र धर्मांतर एका तासाला शिकवितो आणि मजूर चळवळ दुसऱ्या तासाला.

दसऱ्याच्या सुमारास गोंदियाच्या फलाटावर पांढरी वस्त्रे नेसलेल्या बाया नागपूरची गाडी धरण्यासाठी जमतात. कडेवर मूल, पदरात शिदोरी. त्यांतल्या कित्येकींनी आदल्या दिवशीच विड्या मोजून दिलेल्या असतात.